जिल्हा परिषदेच्या शाळेत मन का रमतं?



या महिन्यात एका भगिनीच्या पत्राला उत्तर द्यायचं आहे. त्यांची मुलगी डी.एल.एड. झाली, टीईटी उत्तीर्ण झाली, अभियोग्यता चाचणीतही तिला चांगले गुण मिळाले आणि पवित्र पोर्टलच्या यादीत तिचं नाव आलं. शाळा मात्र मिळाली दूरच्या जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावापासूनही आत असलेल्या खेड्यातली, जिल्हा परिषदेची उर्दू शाळा. आता घरात दोन तट पडले आहेत. दादी म्हणतात, जवान मुलगी इतक्या लांब एकटी कशी राहणार? मामूंनी शहरातल्याच एका इंग्रजी शाळेत शब्द टाकून ठेवला आहे. मुलगी म्हणते, मी जाणारच. पत्राच्या शेवटी या भगिनींनी सरळ प्रश्न विचारला आहे : ‘आपा, तुम्ही इतकी वर्षं झेडपीत आहात. तिथले शिक्षक खरोखर खूश असतात का? की सरकारी नोकरी मिळाली म्हणून नुसते दिवस काढतात?’

उत्तर आधीच देऊन टाकते. मुलीला जाऊ द्या. का, ते पुढे सांगते. पण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. शिक्षकाचं मन शाळेत आहे की बदलीच्या अर्जात, यावर त्या मुलांच्या पदरात काय पडणार हे ठरतं. म्हणून शिक्षक खूश का असतात आणि का नसतात, हे आई-वडिलांनाही माहीत असायला हवं.

पगाराची गोष्ट आधी

पगाराबद्दल बोलायला आपण शिक्षक लाजतो. लाजायचं कारण नाही. घर चालवणारी बाई असो की पुरुष, महिन्याच्या महिन्याला किती येणार हे विचारणारच.

जिल्हा परिषदेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला पूर्वी ६,००० रुपये मानधन होतं, जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झालं. आमच्या वेळी तर त्याहूनही कमी होतं. खोलीचं भाडं आणि बसचा पास यातच ते संपायचं. तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी लागते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. अटी पूर्ण केल्या तर १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, याचं दुःख आम्हा सगळ्यांना आहे आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संपही झाला.

बायकांच्या दृष्टीनं रजेचा प्रश्न पगाराइतकाच मोठा. १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, शिवाय पूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आता मामूंच्या ओळखीच्या शाळेत चौकशी करून पाहा. अनेक विनाअनुदानित शाळांत मे महिन्याचा पगार मिळत नाही आणि बाळंतपण म्हणजे राजीनामा, असा अलिखित नियम असतो. मग पाच-सात वर्षं शिकवलेली बाई मूल झाल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते.

एवढं सगळं खरं असलं तरी पगारामुळे माणूस नोकरीत येतो, टिकतो. त्यात रमेलच असं नाही. पूर्ण पगार घेऊन तोंड पाडून बसणारेही मी पाहिले आहेत. रमण्याची कारणं वेगळी आहेत.

फीचा हिशेब नसलेलं नातं

माझ्या आजवरच्या नोकरीत मी एकाही मुलाला ‘फी आणलीस का?’ असं विचारलेलं नाही. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण खासगी शाळेत काम केलेल्या माझ्या मैत्रिणींना विचारा. हप्ता थकला की वर्गशिक्षिकेलाच मुलाला उभं करून निरोप द्यायला लावतात. मूल मान खाली घालतं, आणि त्या दिवशी त्या बाईनं शिकवलेलं काहीही त्याच्या डोक्यात शिरत नाही. जूनमध्ये नवीन प्रवेश आणण्यासाठी दारोदार फिरणं, व्यवस्थापनातल्या लोकांच्या मुलांना जपणं, हे वेगळंच.

६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण जिल्हा परिषदेच्या शाळेचं दार त्याच्या कितीतरी आधीपासून गरिबासाठी उघडं आहे. १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधीच्या शाळांना लोक बोर्डाच्या शाळा म्हणत, आणि काही म्हातारी माणसं आजही तसंच म्हणतात. पुस्तकं बालभारतीकडून मोफत येतात, दुपारी खिचडी शिजते. कुणाच्या डब्यात काय आहे यावरून वर्गात गट पडत नाहीत, कारण दुपारी सगळ्यांच्या ताटात एकच असतं.

त्यापुढची गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी आहे. शहरातल्या चांगल्या शाळेत मूल वाचायला शिकलं तर त्यात आईचा वाटा असतो, शिकवणीचा असतो, मोठ्या भावंडांचा असतो. शाळेनं नेमकं काय केलं ते कळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरात वाचणारं कुणी नसतं. जूनमध्ये ते मूल पेन्सिल मुठीत धरून येतं. दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव लिहितं. फेब्रुवारीत एस.टी.वरची पाटी वाचून दादीला सांगतं की ही गाडी आपली नाही, पुढची आपली. त्याला जे येतं ते आपण शिकवलेलं असतं. जे येत नाही तेही आपल्याच खात्यावर जमा असतं. शिक्षकाला स्वतःचं काम इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसेल असं मला वाटत नाही. त्यातून आनंद मिळतो, आणि जबाबदारीनं झोपही उडते.

शिवाय वर्गाचं दार लावल्यावर आतलं राज्य बऱ्याच अंशी आपलं असतं. अभ्यासक्रम ठरलेला आहे, पण तो मोजणीच्या खड्यांनी शिकवायचा, गाण्यानं शिकवायचा की कडुलिंबाखाली बसून, हे आम्ही ठरवतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी हेच करून दाखवलं. मुलांच्या हाताला येतील इतके खाली फळे, फरशीवर आखलेल्या आकृत्या, गटानं बसून एकमेकांना शिकवणारी मुलं. राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला गेले आणि परत येऊन आपापल्या वर्गात त्यांनी फरशी रंगवली. यातल्या अनेकांनी रंगाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले होते. मन रमलेलं नसेल तर माणूस सरकारी फरशीवर स्वतःचा पैसा खर्च करत नाही.

उर्दू शाळेतली मराठी

माझं काम सहावी-सातवीला भाषा शिकवण्याचं, उर्दू आणि मराठी दोन्ही. डी.एड.वर नोकरीला लागले, बी.एड. नोकरी करताना केलं. उर्दू शाळेत मराठी शिकवणं हे माझ्या आनंदाचं मोठं कारण आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या मराठवाड्यातली मुलं घरी दखनी बोलतात. मराठी त्यांच्या कानावर बाजारातून, शेजारातून पडलेली असते. कळते बरीच, पण बोलताना ‘ळ’ येत नाही. ‘मॅडम, माझ्याकडे वेल नाही’ असं मूल म्हणतं तेव्हा मी खिडकीबाहेरचा कारल्याचा वेल दाखवते आणि म्हणते, तो बघ तिथे आहे, तुझ्याकडे ‘वेळ’ नाही. सगळा वर्ग हसतो आणि मग दिवसभर वेळ-वेल, काळ-काल, बाळ-बाल चालू राहतं. ‘चमचा’ मधला ‘च’ उर्दूतला नव्हे, हे जिभेला पटायला महिना लागतो. त्याहून अवघड म्हणजे नपुंसकलिंग. उर्दूत दोनच लिंगं. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मुलं ‘ती पुस्तक’ म्हणतात. ‘ते पुस्तक’ का, याला माझ्याकडेही ‘असंच म्हणतात’ याशिवाय उत्तर नसतं.

मग मी त्यांना उलटा खेळ खेळायला लावते. मराठीतले आपल्या घरचे शब्द शोधा. हजेरी, दप्तर, कागद, शाई, रजा, तालुका. फळा भरून जातो. शेवटी कुणीतरी शाळेच्या पाटीकडे बोट दाखवतं. ‘जिल्हा परिषद’. जिल्हा अरबीतून आलेला, परिषद संस्कृतातून. मराठी ही परक्याची भाषा नाही, हे तेव्हा मुलांना व्याख्यानाशिवाय कळतं.

हा नुसता गमतीचा भाग नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, पण आमच्या मुलींची गरज कायद्यापेक्षा मोठी आहे. आमची शाळा सातवीपर्यंत. उर्दू हायस्कूल दूरच्या गावी. गावात हायस्कूल आहे ते मराठी. म्हणजे सातवीनंतर मुलीपुढे दोनच वाटा उरतात, मराठी माध्यमात आठवीला बसणं किंवा घरी बसणं. काही वर्षांपूर्वी एका मुलीची आई दाखला न्यायला आली. म्हणाली, ‘मॅडम, अब बस हुआ. मराठी में कैसा जमेंगा इसकू?’ मी मुलीच्या हातात त्या दिवशीचा मराठी पेपर दिला आणि एक बातमी वाचायला सांगितली. तिनं न अडखळता वाचली, मग आईला दखनीत तिचा अर्थ सांगितला. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. दाखला आम्ही हायस्कूलच्या नावानं केला. आज ती मुलगी नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून नोकरीला आहे. शिकली ती तिच्या कष्टानं, पण सहावी-सातवीतली मराठी कच्ची राहिली असती तर ती वाट तिथेच बंद झाली असती. उर्दू शाळेत मराठी नीट शिकवणारा माणूस काय काम करतो, हे यावरून लक्षात यावं. पत्रलेखिका भगिनींच्या मुलीनंही हे ध्यानात ठेवावं.

बरोबरीची माणसं

शाळा चांगली की वाईट, हे शिक्षकाच्या दृष्टीनं निम्मं तरी सहकाऱ्यांवर ठरतं. आमच्या आवारात उर्दू आणि मराठी अशा दोन शाळा आहेत. दोन मुख्याध्यापक, दोन हजेरीपट, पण पाण्याची टाकी आणि मैदान एक. मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा दोन्ही स्टाफरूममध्ये जातो आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर फराळाचे डबे आमच्याकडे येतात. रमजानमध्ये आमची शाळा सकाळच्या सत्रात भरते, तेव्हा दुपारी कुणी पालक किंवा अधिकारी आलाच तर शेजारच्या शाळेतले सर निरोप घेऊन ठेवतात. याबद्दल कुणी भाषण करत नाही. रोजचं काम एकमेकांशिवाय होत नाही, म्हणून सगळं सुरळीत चालतं.

लहान शाळेत दोनच शिक्षक असतात. एक रजेवर गेला की दुसऱ्याला चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. अशा ठिकाणी आधार असतो तो केंद्राचा. आठ-दहा शाळांचं एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख, आणि ठरावीक दिवशी भरणारी शिक्षण परिषद. काही परिषदा कंटाळवाण्या होतात हे मान्य. पण एखादी बाई उठते आणि हातच्याची वजाबाकी तिनं बांगड्यांनी कशी शिकवली ते सांगते, तेव्हा तो दिवस वसूल होतो. नवीन लागलेल्या मुलीला आपण एकटी नाही हे तिथे कळतं. अडीनडीला शिक्षकांची पतसंस्था असते. लग्नाचं, घराचं, दवाखान्याचं कर्ज सावकाराकडे न जाता मिळतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, हे आपण पेपरात वाचलं असेल. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. पुस्तकातल्या क्यूआर कोडपेक्षा मला ती गोष्ट जास्त लक्षात राहिली. बरोबरीच्यांशिवाय हे काम होत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला आतून माहीत असतं.

आणि मुख्याध्यापक. चूक झाली तर चार लोकांत न बोलता बाजूला घेऊन सांगणारा, अधिकाऱ्यापुढे आपल्या शिक्षकाची बाजू मांडणारा आणि स्वतः वर्ग घेणारा मुख्याध्यापक मिळाला, तर पत्र्याची शाळाही बरी वाटते. तसा नसेल तर रंगवलेल्या इमारतीतही जीव गुदमरतो.

मन उडतं ते कशानं?

चित्र सगळं गुलाबी नाही, आणि ते तसं रंगवून त्या मुलीला फसवायचं नाही.

पहिली तक्रार कागदाची. कायद्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामं सांगितली आहेत. प्रत्यक्षात मतदार यादीची कामं वर्षभर चालतात. शिवाय ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, आहाराची रोजची नोंद आणि ‘आजच्या आज पाठवा’ असे निरोप. शिकवताना हातात मोबाइल धरावा लागणं हे आमच्या पिढीचं सर्वांत मोठं दुखणं आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. आता संध्याकाळी घरात मुलं त्यांचा अभ्यास करतात आणि आई टीईटीचा.

दुसरी अडचण राहण्याची. शिक्षकानं मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी राहावं असा नियम आहे, पण गावात भाड्यानं खोली मिळणं, त्यात स्वच्छतागृह असणं, एकट्या बाईला ती मिळणं, हे सोपं नाही. म्हणून बरेच जण शहरातून रोज ये-जा करतात. दोन-दोन तास प्रवासात गेले की शाळेत शरीर येतं, मन चार वाजताच्या बसकडे लागलेलं असतं. गावात राहणाऱ्याला मुलांच्या घरची हकीकत कळते, आजारी मूल कळतं, ऊसतोडीला कोण कधी निघणार ते कळतं. गावही त्याला आपला समजतं. माझ्या पाहण्यात जे शिक्षक खरोखर रमले, ते बहुतेक सगळे शाळेच्या गावात किंवा अगदी जवळ राहणारे आहेत.

तिसरी गोष्ट पटाची, आणि ती आपल्या हातातली आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन, असं मूळ गणित आहे. राज्याचे निकष मधूनमधून बदलतात, पण तत्त्व तेच. म्हणजे काठावरच्या शाळेतून दोन-चार मुलं गेली की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याला दुसरीकडे पाठवलं जातं. मागे राहिलेल्यांवर वर्गांचा बोजा वाढतो. मग पालक म्हणतात, शाळेत शिक्षकच नाहीत, आणि आणखी मुलं काढतात. ही उतरण एकदा लागली की थांबत नाही. उर्दू शाळांत तर आरक्षित जागांना उमेदवार न मिळाल्यानं जागा रिकाम्या राहण्याचंही दुखणं आहे. आपला वर्ग वर्षागणिक रिकामा होताना पाहणं, यासारखं शिक्षकाला खचवणारं दुसरं काही नाही.

आपण घरातून काय करू शकतो?

आधी पत्रलेखिका भगिनींसाठी. हजर होण्याआधी मुलीबरोबर आई किंवा अब्बांनी गावात एक दिवस जाऊन यावं. शाळा पाहावी, मुख्याध्यापकांना भेटावं. पहिली आणि शेवटची एस.टी. कितीची ते विचारावं. शाळेत बाई शिक्षिका कोण आहेत आणि त्या कुठे राहतात हे पाहून त्यांच्या शेजारीच खोली मिळते का ते बघावं. दादींना पहिला महिनाभर बरोबर राहायला पाठवलंत तर फारच उत्तम. त्यांची काळजीही मिटेल आणि मुलीला गरम भाकरीही मिळेल. तीन वर्षं मानधनाची आहेत, तेवढा काळ घरातून तिच्याकडे पैशाची अपेक्षा ठेवू नये. आणि स्थळं पाहायला लागलात तर नोकरीची गोष्ट पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगा. लग्नानंतर पाहू, या शब्दावर कितीतरी मुलींच्या नोकऱ्या सुटल्या आहेत.

आता ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत त्यांच्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या मोहल्ल्यातल्या किती बायका त्या बैठकीत जाऊन बोलतात? रजिस्टर घरी आणून सही घेतली जाते आणि बैठक ‘झाली’ असं लिहिलं जातं. एकदा प्रत्यक्ष जा. पाणी, स्वच्छतागृह, रिकामी जागा यांबद्दल पालक लेखी मागतात तेव्हा शिक्षकाच्या मागणीलाही वजन येतं.

लग्नसराईत मुलाला आठ-आठ दिवस घरी ठेवू नका. शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर ती मुलासमोर न करता शाळेत येऊन करा. वर्षातून एकदा तरी वहीवर नजर टाकून ‘हे तुम्ही चांगलं शिकवलंत’ एवढं म्हणा. वाचता येत नसेल तरी मुलाला वाचायला लावून ऐकता येतं. आणि बाहेरगावाहून आलेल्या शिक्षिकेला खोली देताना दहा प्रश्न विचारण्याआधी एवढा विचार करा, की आपली मुलगी दुसऱ्या गावी खोली शोधत असती तर?

शहरातून पिवळी व्हॅन मोहल्ल्यात येते तेव्हा मुलाला तिच्यात बसवण्याचा मोह कुणालाही होतो. तो निर्णय तुमचा आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. फक्त त्याआधी एक सकाळ आपल्या गावातल्या शाळेत जाऊन बसा. दुसरीतल्या मुलाला परिच्छेद वाचायला सांगा, व्हॅनमधल्या दुसरीतल्या मुलालाही त्याच्या पुस्तकातला तेवढाच वाचायला सांगा, आणि अर्थ दोघांना विचारा. मग ठरवा.

खूश शिक्षक एका जागी थांबतो. थांबला की त्याला मुलांची नावं, घरं, अडचणी पाठ होतात, आणि तेव्हा कुठे शिकवणं खऱ्या अर्थानं सुरू होतं. पगार सरकार देतं, बदली सरकार करतं. पण शिक्षकाला थांबावंसं वाटेल असं गाव सरकारला देता येत नाही, ते गावातल्या घरांनीच द्यायचं असतं.

पुढच्या महिन्यात शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांबद्दल लिहीन, इन्शाअल्लाह. कोणत्या इयत्तेपासून तयारी सुरू करावी, उर्दू माध्यमाच्या मुलांनी कशाकडे जास्त लक्ष द्यावं, असे आपले प्रश्न असतील तर जरूर कळवा.